पश्चिमेकडचा खण

कोट सापडला, माणूस नाही.

नाताळ तोंडावर आला होता आणि मठाच्या तळ्यातले कार्प मासे काढणं चाललं होतं. कोळ्यांनी बर्फ फोडून जाळं ओढलं, तर वळवळत्या माशांच्या गर्दीतून निळा लोकरीचा कोट वर आला. म्हाताऱ्या शिमेक कोळ्याने तो काठीने उलटा केला, चांदीची बटणं पाहिली आणि डोक्यावरची टोपी काढली. साऱ्या वापेनित्से गावात असा कोट एकाच माणसाचा होता.

तो माणूस म्हणजे स्थपती प्रोकोप यावुरेक. त्याने बांधलेल्या कमानी पाहायला परगावची माणसं गाडी करून येत. मठाचं नवं चर्च हे त्याचं शेवटचं काम. संत बार्बोरा ही गवंड्यांची कैवारीण. डिसेंबरच्या सुरुवातीला, तिच्या सणाला संध्याकाळी तो गवंड्यांबरोबर बिअर प्यायला, घरी जातो म्हणून उठला आणि नाहीसा झाला.

फौजदार आंब्रोश हालिक दोन्ही गुडघ्यांना फडकी बांधून तळ्यावर आला. संधिवाताने त्याला धड चालता येत नसे. गावातल्या चोरांना हे ठाऊक असल्यामुळे तेही पळायची फारशी घाई करत नसत.

"उस्तादांचाच?" त्याने विचारलं.

"दुसऱ्या कुणाची ऐपत आहे?" शिमेक म्हणाला. "कोट आला. पण कोटातला माणूस कुठाय?"

"ते तू सांग. तळं तुझं."

"सगळं तळं गाळून काढलंय, साहेब. कार्प निघाले, वाम निघाली, माझ्या बायकोची हरवलेली बादली निघाली. प्रेत नाही."

आंब्रोशने कोट बर्फावर पसरला. एका बाहीवर रक्ताचा डाग होता, पाण्याने फिका पडलेला. कापड मात्र कुठे फाटलेलं नव्हतं, भोसकल्याची खूण नव्हती. आतल्या खिशात चष्म्याची कातडी डबी होती. तिचं बटण लावलेलं होतं. त्याने ती उघडली. आत काहीच नव्हतं.

"चष्मा तळाशी गेला असेल," शिमेक म्हणाला.

"डबीचं बटण लावून?"

शिमेकने खांदे उडवले आणि तो माशांकडे वळला. नाताळ काही थांबणार नव्हता.

दुपारपर्यंत मठाधिपतींच्या हुकमावरून बांधकामाचा मुकादम व्हीट कौदेला कोठडीत होता. त्यात नवल काहीच नव्हतं. सणाच्या आदल्या दिवशी भर कामावर तो उस्तादांच्या अंगावर ओरडला होता, आणि ते सगळ्यांनी ऐकलं होतं: "रक्त सांडल्याशिवाय तुम्हाला अक्कल यायची नाही!"

आंब्रोशला मात्र हे प्रकरण फार जड गेलं. व्हीटची बायको दोरोता ही त्याची धर्मकन्या. बाप्तिस्म्याच्या वेळी त्याने तिला हातांत धरलं होतं, आणि तिने त्याच्या दाढीला हिसका दिला होता. त्याला स्वतःचं मूल नव्हतं.

कोठडीत व्हीट भिंतीला टेकून बसला होता. धिप्पाड माणूस, उजव्या हाताला चिंधी बांधलेली.

"मारलंस?"

"नाही."

"मग कुठं आहेत उस्ताद?"

व्हीटने बांधलेला हात पाठीमागे घेतला.

"हाताला काय झालं?"

"कुऱ्हाड लागली."

"काय तोडताना?"

"बर्फ."

"काम तर सणापासून थंडीसाठी बंद आहे. बर्फ कुठला तोडत होतास?"

व्हीट चिंधीची गाठ घट्ट करू लागला.

"बरं, ते राहू दे. भांडण कशावरून झालं?"

"चुन्यावरून." इथे मात्र त्याची जीभ सैल झाली. "ऑक्टोबरात हावेल संताचा दिवस आला की थापी धुऊन ठेवायची, हे आमच्यात शेंबड्या पोरालाही कळतं. त्यानंतर लावलेला चुना वाळत नाही, गोठतो. गोठलेला चुना म्हणजे नुसती वाळू. छताचे पाच खण. चार वेळेत झाले. पश्चिमेकडचा, दारावरचा, उस्तादांनी हावेलनंतर मिटवला. का, तर डोळे चाललेत, पुढचा उन्हाळा दिसेल न दिसेल! आणि वर मठाच्या महाराजांना शब्द देऊन बसले, जानेवारीत तीन राजांच्या सणाला खालचा लाकडी साचा काढून देतो म्हणून. त्यानंतर बिशप यायचेत ना!"

"आणि काढला तर?"

"तर बिशपांना स्वर्ग शोधायला लांब जावं लागणार नाही."

"उस्तादांना हे कळत नव्हतं?"

"मला हे त्यांनीच शिकवलं, साहेब."

आंब्रोशने गुडघा चोळला. "मग आता साचा कोण काढणार?"

"कुणी नाही. ज्याने छत मिटवलं त्यानेच साच्याखालची पहिली पाचर ठोकून काढायची, आणि ठोकताना स्वतः छताखाली उभं राहायचं. आमच्या गवंड्यांच्या संघाचा कायदाच आहे. उस्ताद नसतील तर संघ नवा माणूस नेमेपर्यंत पाचरेला कुणी बोट लावत नाही. ईस्टर उजाडेल तोवर."

"म्हणजे उस्ताद नाहीसे झाले ते छताच्या पथ्यावरच पडलं."

व्हीटने झटकन वर पाहिलं आणि तितक्याच झटकन मान खाली घातली.

मठाधिपती बेर्नार्द वाईट माणूस नव्हते. दुष्काळात त्यांनी मठाची कोठारं उघडली होती. पण एकदा तारीख ठरवली की ती त्यांना देवाने ठरवल्यासारखी वाटे.

"तो बोलेल," ते म्हणाले. "तीन राजांच्या सणानंतर जिल्ह्याचा जल्लाद येतोय. तो भल्याभल्यांना बोलतं करतो. मग काय ते फासाचं बघू."

"महाराज, जल्लादाच्या हाताखाली माणूस केलेलंही सांगतो आणि न केलेलंही. अजून प्रेतसुद्धा मिळालेलं नाही."

"कोट आहे. रक्त आहे. भांडण आहे. अजून काय पाहिजे तुला? पुरावा म्हणून कुणी फुलं आणून द्यायला हवीत?"

गाव मठाचं, कोठडी मठाची, आणि फौजदाराच्या घरातली बिअरही मठाच्या भट्टीतली. आंब्रोशने खिडकीबाहेर नजर वळवली. समोर नवं चर्च उभं होतं, कुलूपबंद, कारण भिक्षूंची प्रार्थना अजून जुन्या देवळातच चाले. त्याच्या वळचणीला हाताएवढ्या जाड बर्फाच्या कांड्या लटकत होत्या. छपराच्या कण्यावर कावळ्यांची दाटी झाली होती.

"बघ," मठाधिपती त्याच्या नजरेमागे पाहत म्हणाले. "साऱ्या गावाच्या छपरांवर बर्फ आहे, पण आमच्या चर्चवर ठरत नाही. गावकरी म्हणतात बार्बोराची कृपा."

"असेल," आंब्रोश म्हणाला. तेव्हा त्याच्या डोक्यात फक्त जल्लाद होता.

तिथून तो दोरोताकडे गेला. दारात कोळसेवाला रिकामी पोती झटकत होता. घरात पाऊल टाकलं तर बाहेरच्यापेक्षा आत गार. बादलीतल्या पाण्यावर बर्फाचा पापुद्रा धरलेला. दोरोता शालीत गुरफटून बसली होती आणि तिची बोटं काळी होती.

"चूल पेटवली नाहीस?"

"परवडत नाही, काका."

"आणि आत्ता उतरवलेला कोळसा?"

तिने हात शालीत लपवले.

"दोरोता, कोळसा कुठं जातो?"

"मला विचारू नका."

"नवं चर्च झाडायला अजून जातेस? बंद असतं ना ते?"

"धूळ काय, बंद ठिकाणीही बसते."

"नवऱ्याला जल्लाद उलटा टांगणार आहे, पोरी. तुला काही ठाऊक असेल तर आत्ता बोल."

ती रडायला लागली. हुंदके देऊन नाही, नुसतं पाणी गळत होतं. "त्यानं मला त्याच्या गळ्याची शपथ घातलीय. एक शब्दही तोंडातून काढायचा नाही. मी बोलले तर शपथेनं मरेल, नाही बोलले तर फासानं. मी काय करू ते तुम्ही सांगा."

तिच्या डोक्यावर हात ठेवून फौजदार घरी आला, आणि त्या दिवशी त्याला पहिल्यांदा आपल्या हुद्द्याची किळस वाटली.

नाताळच्या आदल्या दिवशी दोरोता त्याच्या दाराशी आली. फडक्यात बांधलेला, वेणीसारखा गुंफलेला पाव तिने टेबलावर ठेवला, त्याच्या शेजारी चेरीची एक डहाळी ठेवली आणि तोंडातून चकार शब्द न काढता निघून गेली. डहाळी पांढऱ्या फुलांनी भरली होती.

आंब्रोशने पाव खाल्ला. बार्बोराच्या सणाला चेरीची डहाळी तोडून घरात पाण्यात ठेवायची, म्हणजे नाताळला फुलते, हे काय नवीन? घरोघरी असते.

मग त्याने उरलेला तुकडा खाली ठेवला.

घरोघरी असते, पण ठेवतात त्या लग्नाच्या पोरी. फुललं तर वर्षात लग्न. दोरोताचं लग्न होऊन किती वर्षं झाली, ती कशाला डहाळी ठेवील? आणि ठेवली तरी फुलेल कशी? फुलायला ऊब लागते. जिच्या घरात बादली गोठते तिच्या घरात चेरी फुलत नाही.

त्याने डहाळी खिडकीपाशी नेली. बुंध्याशी दोरीचा तुकडा होता, गेरूने लाल झालेला. भिंतीवर सरळ रेघ मारायला गवंडी वापरतात ती दोरी.

तो मटकन खुर्चीत बसला. गवंडीही डहाळी बांधतात, हे त्याला लहानपणापासून माहीत होतं. बार्बोराच्या दिवशी, छत मिटवलेल्या शेवटच्या दगडाला, वरच्या बाजूने. तिकडे कुणी पुन्हा फिरकत नाही. कडाक्याच्या थंडीत ती वाळून कोळ होते आणि वसंतात कामाला लागताना फेकून देतात.

ही फुलली होती.

नाताळच्या सकाळी सगळं गाव जुन्या देवळात प्रार्थनेला बसलं असताना आंब्रोश आपल्या जुडग्यातल्या किल्लीने कुलूप काढून नव्या चर्चच्या चक्री जिन्याची एकेक पायरी चढत होता. प्रत्येक पायरीला तो एका संताचं नाव घेत होता, आणि ते प्रार्थना म्हणून नव्हे. वरचं दार ढकललं तशी गरम हवा तोंडावर आली.

पायाखाली दगडी छताच्या कमानींच्या पाठी एकापुढे एक पसरल्या होत्या, वर छपराची लाकडं. प्रत्येक खणावर विटांवर ठेवलेल्या शेगड्या धुमसत होत्या. आणि शेवटच्या खणापाशी गुडघ्यांवर बसून एक म्हातारा निखारे फुंकत होता. तोंड काजळीने काळं, अंगात मुकादमाचा जुना अंगरखा, डोळ्यांवर चष्मा.

"दोरोता?" त्याने मान न वळवता विचारलं. "आज उशीर केलास. व्हीट आला का गं परत? आईकडं जाऊन किती दिवस बसायचं माणसानं?"

"व्हीट कोठडीत आहे, उस्ताद," आंब्रोश म्हणाला. "तुमच्या खुनासाठी."

प्रोकोप यावुरेकच्या हातून चिमटा पडला.

पुढचा बराच वेळ आंब्रोश बोलत होता आणि म्हातारा ऐकत होता. कोट, रक्त, जल्लाद, शपथ.

"गाढव आहे तो," शेवटी म्हातारा म्हणाला, पण त्याचा आवाज फाटला. "मी म्हणालो होतो, मी दूर प्राहा शहरात गेलो म्हणून सांग. तर म्हणाला, प्राहाला माणसं पाठवतील शोधायला, मेलात तरच सुटाल. कोट मागून घेतला. चष्मा मी काढून ठेवला, त्याच्याशिवाय मला भेग दिसत नाही. आणि ही पोर मला रोज सूप आणून द्यायची अन् हसायची."

"महाराजांना खरं का नाही सांगितलंत? हावेलनंतर चुना लावला म्हणून?"

"सांगितलं की संघ उस्तादकी काढून घेतो, भर चौकात मोजपट्टी मोडतो. ज्या पोरांना मी थापी धरायला शिकवलं त्यांच्यासमोर." त्याने चष्मा काढला. "लाज वाटली मला, आंब्रोश. एवढंच. हे छत मिटलेलं पाहून मरायचं होतं. चार दिवस थंडी कमी वाटली आणि मी मनाला समजावलं की चालेल."

तो उठला आणि एकेका खणापाशी जाऊन सांध्यात नख खुपसू लागला. "हे बघ. दगड. हाही दगड. हे चार खण आज लगेच साच्याशिवाय नाही, पण साच्यावर ठेवले तर वसंतात नक्की आपले आपण उभे राहतील." पश्चिमेकडच्या खणात नख सहज रुतलं. त्याने बोट पुसलं. "ह्याला अजून वेळ पाहिजे. दोन महिने तरी ऊब. देशील?"

"माझ्या हातात असतं तर दिली असती," आंब्रोश म्हणाला. "मी इथं आलोच नाही असं मी म्हणू शकतो. मग व्हीट मरेल."

"आणि मी खाली आलो तर छत."

"हो."

आंब्रोशला वाटलं, ही डहाळी आपण पाहिलीच नसती तर बरं झालं असतं. फौजदारकीत इतकी वर्षं गेली, पण सापडलेल्या माणसाला पाहून त्याला असं कधी वाटलं नव्हतं.

म्हाताऱ्याने शेगडीत मूठभर कोळसा टाकला. "जळू दे आहे तोवर," तो म्हणाला, आणि जिन्याकडे वळला. "चल. तुझ्या गुडघ्यांना उतरताना जास्त त्रास होणार. मला धर."

मठाच्या सभागृहात त्याच दुपारी सगळे जमले. मठाधिपती खुर्चीत, काही भिक्षू, साखळीसह व्हीट, दाराशी दोरोता. उस्तादांना आंब्रोशने बाजूच्या खोलीत बसवलं होतं.

"काहीतरी सापडलं म्हणे तुला," मठाधिपती म्हणाले.

"खून झालाच नाही, महाराज. कोट पाण्यात गेला तेव्हा त्यात माणूस नव्हता. बाहीवर रक्त, पण कापडाला ओरखडा नाही. ते रक्त बाहेरून लागलेलं. ज्याने तळ्याचा बर्फ कुऱ्हाडीने फोडला आणि हात कापून घेतला, त्याचं. व्हीट, तुझंच."

व्हीटने डोळे मिटले. "साहेब, थांबा."

"डबीचं बटण लावलेलं आणि आत चष्मा नाही. बुडणारा माणूस चष्मा काढून डबी नीट बंद करत नाही. चष्मा ज्याला पुढं लागणार होता त्याने काढला. म्हणजे उस्ताद जिवंत. मग कुठं? दोरोताची चूल थंड आणि हात कोळशाने काळे. तो कोळसा जिथं जात होता तिथं. तुमच्या खिडकीतून दिसतं, महाराज. बंद चर्चच्या छपरावर बर्फ का ठरत नाही? कावळे तिथंच ऊब घ्यायला का बसतात? बार्बोराची कृपा खरी, पण ती शेगडीत घालून ठेवलेली." त्याने डहाळी टेबलावर ठेवली. "तुम्ही विचारलं होतंत, कुणी फुलं आणून द्यायला हवीत का. दिली. गवंड्यांनी छताच्या वर बांधलेली ही डहाळी फुलली. दोरोताने शपथ पाळली. ती एक शब्दही बोलली नाही."

दोरोताने काळी बोटं या वेळी शालीत लपवली नाहीत.

"आणि हे सगळं कशासाठी?" मठाधिपतींनी विचारलं.

"साचा जागेवर राहावा म्हणून. उस्ताद नाहीत तर पाचर निघत नाही. गुन्हेगार म्हणाल तर तो एकच." आंब्रोशने बाजूच्या खोलीचं दार उघडलं. "त्याने हावेलनंतर चुना लावला, आणि ते झाकायला स्वतःला मारून टाकलं."

"उस्ताद!" व्हीट ओरडला. "कशाला आलात खाली? कशाला?"

"गप रे," प्रोकोप म्हणाला. "तुझ्यापेक्षा छत मोठं, असं मी तुला कधी शिकवलं होतं?"

मठाधिपतींच्या चेहऱ्यावर सुटल्याचा आनंद पसरला.

"जिवंत आहात, देवाची कृपा. व्हीटला सोडा. उस्ताद, तीन राजांच्या सणाचा शब्द दिला होता ना?"

"दिला होता."

"चुना उशिरा लावला तो दोष कुणाचा?"

"माझा."

"मग बिशपांनी का थांबावं?"

"महाराज, पश्चिमेचा खण ओला आहे," आंब्रोश म्हणाला. "मी स्वतः पाहिलं. माणसं मरतील. ईस्टरपर्यंत थांबा, मी पाया पडतो."

"तुला गवंडीकाम कधीपासून कळायला लागलं? हा माणूस खोटं बोलला, मेल्याचं सोंग केलं, आणि आता त्याच्या भीतीवर मी विश्वास ठेवू? निमंत्रणं गेलीत. देवाचं घर आहे, देव धरून ठेवील. आणि त्या शेगड्या आजच विझवा. लाकडी छपराखाली आग, वेड लागलंय का सगळ्यांना?"

आंब्रोश पुन्हा बोलला, पुन्हा पुन्हा बोलला. व्हीट गुडघ्यांवर बसला. पालथ्या घड्यावर पाणी. उस्ताद मात्र एकदाच बोलला.

"काढतो मी साचा. पण पाचर मी एकटा ठोकणार. बाकी सगळे दाराबाहेर."

"जशी तुमची मर्जी," मठाधिपती म्हणाले.

शेगड्या विझल्या. त्या आठवड्यात थंडी इतकी पडली की पिंपातली बिअर गोठली.

तीन राजांच्या सणाला सकाळी पोरं दारोदारी खडूने त्या राजांची आद्याक्षरं लिहीत फिरत होती. चर्चसमोरच्या बर्फात गाव गोळा झालं. प्रोकोप निळा कोट घालून आला. डाग अजून गेला नव्हता. त्याने आपला ओळंबा व्हीटच्या हातात दिला.

"मी येतो आत," व्हीट म्हणाला.

"तू मुकादम आहेस, नवरा आहेस, उद्या बाप होशील. तू बाहेर थांब. साचा वेदीकडून काढायला घ्यायचा ना रे? पूर्वेपासून?"

"हो उस्ताद. नेहमी तसाच."

"बरोबर," म्हातारा म्हणाला. त्याने आंब्रोशकडे पाहून मान हलवली, आत गेला आणि दाराला आतून अडसर घातला.

सगळे कान देऊन उभे राहिले. वेदी लांब, चर्चच्या दुसऱ्या टोकाला. घाव लागले तर तिकडून दबके यायला हवेत.

पहिला घाव दारामागेच वाजला. अगदी जवळ.

"चुकले!" व्हीट किंचाळला. "डोळ्यांनी दगा दिला, उस्ताद चुकीच्या टोकाला आहेत! उस्ताद, पूर्वेला! पूर्वेला!"

दुसरा घाव. तिसरा.

आंब्रोशच्या डोक्यात तेव्हा लख्ख उजेड पडला, आणि इतका निरुपयोगी उजेड त्याच्या आयुष्यात कधी पडला नव्हता. तो दारावर मुठी आपटू लागला. "प्रोकोप! उघड! उघड दार!" व्हीटने खांदा लावला, आणखी माणसं धावली. ओकचं दार, म्हाताऱ्यानेच जाड करून घेतलेलं. आतून घाव चालूच होते, न अडखळता, सवयीच्या हाताचे.

मग ते थांबले. लाकूड लांब करकरलं, आणि जमीन हादरली.

दाराच्या फटीतून पांढरी धूळ बाहेर आली आणि मठाधिपतींच्या झग्यावर बसली.

दार फोडलं तेव्हा दारावरच्या खणात नुसतं छपराचं लाकूड दिसत होतं. खाली दगडांची रास. त्यापुढचे चारही खण आपापल्या साच्यांवर जसेच्या तसे उभे होते. एक दगडही हलला नव्हता.

मठाधिपती राशीसमोर उभे होते. त्यांना एकदम म्हातारपण आलं होतं.

"वेदीकडून का नाही सुरू केलं त्याने?" ते पुटपुटले. "दिसत नव्हतं का?"

"दिसत कमीच होतं," आंब्रोश म्हणाला. त्याला रडू येत होतं आणि त्याने ते अडवलं नाही. "पण कुठला खण पडणार ते त्यांच्या बोटांना कळलं होतं. वेदीकडून साचे काढत आले असते, तर शेवटी हा खण पडताना बिनआधाराचे बाकीचे चार घेऊन पडला असता. किंवा नसता पडला तेव्हा, आणि बिशपांच्या प्रार्थनेच्या वेळी पडला असता, खाली सगळं गाव असताना. त्यांनी आधी हाच पाडला. एकटे असताना. बाकीचे साच्यावर असताना. आता सांगा महाराज, उरलेले साचे उद्या काढायचे?"

मठाधिपतींनी मान हलवली. नाही. बिशपांना निरोप गेला, आणि निमंत्रणं पुढं ढकलणं काही अवघड गेलं नाही. त्या दोन ओळी लिहायला लेखनिकाला एक दुपारही लागली नाही.

व्हीटने उन्हाळ्यात तो खण पुन्हा मिटवला, हावेलच्या खूप आधी. संघाने उस्तादांची मोजपट्टी मोडली नाही. ती त्यांच्याबरोबरच पुरली. बिशप पुढच्या वर्षी आले, वर पाहून छान आहे म्हणाले आणि कार्प खाऊन गेले.

फौजदार आंब्रोश हालिक तेव्हापासून चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसतो, पश्चिमेकडच्या खणाखाली. गुडघे दुखतात म्हणून दाराजवळ बसतो, असं तो लोकांना सांगतो.